माझं बटण कोणी खाल्लं?

शॉर्टकट ही फार खासगी गोष्ट आहे. टूथब्रशइतकी नाही, पण ऑफिसातल्या कॉफीच्या मगाइतकी नक्कीच. ज्याचा त्याचा वेगळा, आणि दुसऱ्याने हात लावलेला खपत नाही. दिवसाचे आठ-नऊ तास जो टेक्स्ट एडिटर समोर उघडा असतो, त्यात आपण हळूहळू घर मांडतो. ओळ उडवायला हे बटण, ओळ वर सरकवायला ते, टर्मिनल उघडायला तिसरंच. सहा महिन्यांत बोटांना ते इतकं पाठ होतं की कोणी विचारलं, ‘ए, ते आत्ता कसं केलंस?’ तर तोंडाने सांगता येत नाही. कीबोर्डवर हात ठेवून बघावं लागतं!

आणि मग एका सोमवारी ते चालत नाही.

बोटं आपलं काम चोख करतात, स्क्रीन ढिम्म. दुसऱ्यांदा दाबायचं. तिसऱ्यांदा जोरात दाबायचं (जोरात दाबून काही होत नाही हे माहीत असूनही सगळे दाबतात). मग सेटिंग्ज उघडून तोच शॉर्टकट पुन्हा सेव्ह करायचा, एडिटर बंद-चालू करायचा, मशीन रीस्टार्ट करायचं... आणि शेवटी ‘जाऊ दे ना यार’ म्हणत माउसकडे हात. माझं ऑफिसातलं पद काहीही असो, गेली काही वर्षं या ‘जाऊ दे ना यार’ केसेस माझ्या डेस्कवर येऊन पडतात. त्यातून एक गोष्ट पक्की कळलीय. शॉर्टकट सहसा बिघडत नाही. तो मधेच कोणीतरी खाल्लेला असतो. प्रश्न एवढाच, कोणी?

ऑनलाइन मागवलेलं पार्सल आठवा. ते थेट तुमच्या हातात येतं का? आधी गेटवर वॉचमन, मग लिफ्ट, मग मजल्यावरचे शेजारी, मग दार, आणि दार उघडायला घरातलं कोण उठतंय ते. बटणाचंही सेम. आधी कीबोर्ड, मग ऑपरेटिंग सिस्टिम, मग मागे गुपचूप चालणारी सॉफ्टवेअर्स, मग एडिटर आणि एडिटरच्या पोटात एक्स्टेन्शन्सची गर्दी. यातल्या कोणीही ‘हे माझंच’ म्हणून सही करून घेतलं की पुढच्याला पत्ताही लागत नाही. आपण मात्र सगळा राग घरातल्यांवर, म्हणजे एडिटरवर काढतो.

म्हणून सुरुवात गेटपासून. विंडोजमधला ऑन-स्क्रीन कीबोर्ड किंवा मॅकमधला कीबोर्ड व्ह्यूअर उघडा आणि तुमचं कॉम्बिनेशन दाबा. दाबलेली बटणं स्क्रीनवर उजळतात. एखादं उजळलंच नाही, तर पुढची सगळी डिटेक्टिव्हगिरी फुकट, दोष कीबोर्डचाच. स्वस्तातल्या काही कीबोर्डांना ठरावीक तीन बटणं एकदम दाबलेली समजत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. लॅपटॉपवर एफ-फाइव्ह, एफ-ट्वेल्व्ह असली बटणं आवाज नाहीतर ब्राइटनेस कमी-जास्त करत असतील, तर ‘एफएन’ बटण मधे आलंय. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की हा हट्ट सुटतो.

शेजारी मात्र जास्त छुपे. स्क्रीनशॉट घेणारं, क्लिपबोर्ड सांभाळणारं, मीटिंगमध्ये माइक म्युट करणारं सॉफ्टवेअर, या सगळ्यांना ‘ग्लोबल’ शॉर्टकट लागतात. म्हणजे तुम्ही कुठल्याही विंडोत असा, बटण आधी त्यांचं. काल चालत होतं आणि आज नाही, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की माझा पहिला प्रश्न हाच: ‘काल संध्याकाळी नवीन काय टाकलंस?’ उत्तर नेहमी एकच असतं, ‘काहीच नाही!’ आणि मग दोन मिनिटांनी, ‘अगं हो, ते एक छोटंसं...’ ते छोटंसं बंद करून बघायचं. निम्म्या केसेस इथेच मिटतात.

आता समजा, पार्सल दारापर्यंत पोचलंय. इथून पुढे अंदाज बांधायची गरज नाही, एडिटरलाच विचारायचं. सध्या पुष्कळांच्या मशीनवर व्हीएस कोड असतो, म्हणून त्याचंच सांगते. कंट्रोल+शिफ्ट+पी दाबा (मॅकवाल्यांनी इथे कंट्रोलच्या जागी कमांड वाचावं), ‘टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ टाइप करा, एंटर. खाली आउटपुटचा भाग उघडतो. आता तो रुसलेला शॉर्टकट दाबा. प्रत्येक बटणाचा पंचनामा तिथे ओळीने छापून येतो. काय दाबलं गेलं, त्याचा अर्थ काय लावला, कुठला नियम लागू पडला, कुठली कमांड चालली. इतकी कामाची सोय, आणि मी ज्यांना दाखवली त्यांतल्या जवळपास सगळ्यांनी ती पहिल्यांदाच पाहिली होती.

काहीच छापलं नाही? म्हणजे पार्सल दारापर्यंत आलेलंच नाही, परत गेटवर जा. ‘नो कीबाइंडिंग एंट्रीज’ अशी ओळ आली? पार्सल आलंय, पण या नावाचं घरात कोणी राहत नाही. एकतर शॉर्टकट सेव्हच झालेला नाही, नाहीतर तुम्ही समजता त्यापेक्षा वेगळंच बटण पोचतंय. आणि खरी गंमत तिसऱ्या प्रकारात. नियम सापडले, पण एकाचीही ‘व्हेन’ अट जुळली नाही, असं लॉग सांगतो. व्हेन म्हणजे ‘केव्हा’. प्रत्येक शॉर्टकटला अशी अट घालता येते: कर्सर फाइलमध्ये असेल तरच, टर्मिनलमध्ये असेल तरच, अमुक भाषेची फाइल असेल तरच. तुम्ही डावीकडच्या फाइलींच्या यादीत क्लिक करून बसलेले, आणि शॉर्टकट बिचारा कर्सर फाइलमध्ये येण्याची वाट बघतोय! मित्राची सेटिंग्ज जशीच्या तशी उचलून आणणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो, कारण मित्राच्या अटीही सोबत येतात.

आणखी एक भानगड. व्हीएस कोड शॉर्टकटची यादी खालून वर वाचतो. जो पहिला जुळला तो जिंकला, बाकीच्यांना कोणी विचारत नाही. डिफॉल्ट नियम वर, तुमचे खाली, म्हणून तुमचं चालतं. पण तुमच्याच फाइलमध्ये एकाच बटणावर दोन नियम असतील तर खालचा बाजी मारतो, मग वरचा कितीही लाडका असो. आणि कंट्रोल+के वर कुठलीही अट न घालता एखादी कमांड टाकलीत तर संपलंच. त्या एडिटरमध्ये कंट्रोल+के हा स्वतः शॉर्टकट नाही, तो कितीतरी शॉर्टकट्सचा पहिला अर्धा भाग आहे. तुम्ही एक बटण मिळवता आणि सबंध खानदान गमावता. असे झगडे शोधायला कंट्रोल+के, मग कंट्रोल+एस दाबून शॉर्टकट्सची यादी उघडा (खानदान शाबूत असेल तर!), ओळीवर राइट क्लिक करा आणि ‘शो सेम कीबाइंडिंग्ज’ निवडा. एका बटणावर हक्क सांगणारे सगळे एका रांगेत उभे राहतात. नको असलेला नियम घालवायला फाइलमध्ये त्याच्या कमांडच्या नावाआधी वजाचं चिन्ह टाकायचं, की झालं.

विमवाल्यांकडे हेच काम ‘व्हर्बोज मॅप’ करतं. पुढे बटणाचं नाव लिहिलं की त्यावर काय बसलंय आणि ते कुठल्या फाइलने बसवलंय, तेही सांगतं. बहुतेक वेळा गुन्हेगार एखादा प्लगइन असतो. इमॅक्सवाले कंट्रोल+एच आणि के दाबून विचारतात. तसं इमॅक्सवाल्यांना हे सांगायला गेलं तर तेच आपल्याला तासभर सांगतात, म्हणून पुढे जाऊ.

पुढे म्हणजे माझ्या एका मैत्रिणीकडे. ती बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते. स्क्रीनचे चार भाग करून काम करायची तिची सवय, आणि चार भागांत उड्या मारायला तिने चार शॉर्टकट लावले: कंट्रोल+ऑल्ट+१ पासून ४ पर्यंत. एकदम झक्कास चालत होते. दोन आठवड्यांनी तिची तक्रार आली ती भलतीच. ₹ हे चिन्ह टाइप होत नाही! तिने फॉन्ट बदलून पाहिला, फाइलचं एन्कोडिंग तपासलं. शेवटी कंटाळून नव्या टेम्प्लेटमध्ये ‘रु.’ लिहायला लागली. मग ग्राहकाने विचारलं, एकाच महिन्याच्या दोन बिलांवर दोन वेगळी चिन्हं कशी? अकाउंट्सवाल्यांना असलं काही दिसलं की ते आधी बिल थांबवतात आणि मग प्रश्न विचारतात. बिल थांबलं. आणि शॉर्टकटवर कोणालाच संशय नव्हता, कारण शॉर्टकट तर उत्तम चालत होते!

झालं होतं ते असं. युरोपातल्या बऱ्याच कीबोर्डांवर उजवीकडे ‘ऑल्ट-जीआर’ नावाचं बटण असतं, एकाच बटणावरचं तिसरं अक्षर काढायला. विंडोज कंट्रोल+ऑल्ट हे ऑल्ट-जीआरच समजतं. आपल्याकडे ₹ या चिन्हाला केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी मान्यता दिली, त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेलं, आणि विंडोजच्या ‘इंग्लिश (इंडिया)’ लेआउटमध्ये त्याला जागा मिळाली ती ऑल्ट-जीआर+४ वर. म्हणजे कंट्रोल+ऑल्ट+४ वर रुपया आधीपासून राहत होता. अशा वेळी काही एडिटर रुपयाला आधी आत घेतात, काही शॉर्टकटला. तिच्या एडिटरने शॉर्टकटला घेतलं आणि रुपया बाहेर. चौथा शॉर्टकट तिने दुसऱ्या बटणावर हलवला, रुपया परत आला. एकूण वेळ, एक मिनिट. शोधायला लागलेला वेळ मात्र विचारू नका.

या केसमधला धडा मी तेव्हापासून सगळ्यांना ऐकवते: शॉर्टकट चालत नाही तेव्हा तो शॉर्टकट बघा, आणि दुसरंच काही चालेनासं झालं तरी शॉर्टकट बघा.

टर्मिनलमध्ये काम करणाऱ्यांची एक जुनी जखमही इथेच उघडते. जुन्या विममध्ये सेव्ह करायला हौसेने कंट्रोल+एस लावलं, दाबलं, आणि सगळं थिजलं. बटणं दाबा, आरडाओरडा करा, स्क्रीन हलत नाही. हँग झालं समजून लोक विंडोच बंद करतात आणि सेव्ह न केलेलं काम घालवून बसतात. थांबा! कंट्रोल+क्यू दाबा. सगळं परत येतं. हे बटण खाणारा एडिटर नाही, टर्मिनलही नाही, १९६० च्या दशकातला टेलिप्रिंटर आहे! त्या काळी कागदावर खडखडाट करत छापणाऱ्या यंत्राला ‘जरा थांब’ सांगण्यासाठी कंट्रोल+एस आणि ‘चल पुढे’ सांगण्यासाठी कंट्रोल+क्यू असे संकेत होते. यंत्रं गेली, संकेत राहिले. शेलच्या सेटिंगमध्ये ‘एसटीटीवाय’ आणि पुढे ‘वजा आयएक्सऑन’ एवढी ओळ टाकली की कंट्रोल+एस मोकळं होतं. त्याच काळाच्या हिशोबाने टर्मिनलला कंट्रोल+आय आणि टॅब एकच वाटतात, कंट्रोल+एम आणि एंटरही एकच. काही नव्या टर्मिनलनी यावर तोड काढलीय, पण जुन्यावर असाल तर या बटणांच्या नादी लागू नका. टॅब बिघडला म्हणून कीबोर्ड बदलायला निघालेला माणूस मी पाहिलाय.

आता ज्या केससाठी आजचा हा सगळा पसारा मांडला, ती. ही आपली, मराठी टाइप करणाऱ्यांची.

मशीनवर मराठी कीबोर्ड टाकला की बटणांच्या प्रवासात एक नवा वॉचमन उभा राहतो, भाषा बदलणारा. मॅकवर एकाहून जास्त भाषा असल्या की कंट्रोल+स्पेस भाषा बदलतं. आणि व्हीएस कोडमध्ये टाइप करताना सुचवण्या मागवायचं बटण कुठलं? कंट्रोल+स्पेस! इमॅक्समध्ये मजकूर निवडायला सुरुवात करायचं बटण? तेही कंट्रोल+स्पेस. विंडोजवर डावं ऑल्ट आणि शिफ्ट भाषा बदलतं. ऑल्ट+शिफ्टने सुरू होणारा शॉर्टकट दाबता दाबता विचार बदलला, बोटं उचलली, की पुढची ओळ देवनागरीत. विमवाल्यांचं तर विचारूच नका. इन्स्क्रिप्ट लेआउटवर ‘जे’ म्हणजे र, ‘के’ म्हणजे क, ‘यू’ म्हणजे ह, आणि लिहायला सुरुवात करायचं ते ‘आय’ म्हणजे ग. ‘ग’ची बाधा झालेली माणसं तुम्ही ऑफिसात पाहिली असतील, ‘ग’ची बाधा झालेला एडिटर बघायचा असेल तर मराठी चालू ठेवून विम उघडा. एकही हुकूम ऐकत नाही.

आमच्या टीममधली एक मुलगी अॅपमधला मराठी मजकूर सांभाळते. बटणांवरचे शब्द, सूचना, पैसे कापले गेल्याचे मेसेज, सगळं. भाषेच्या बटणाने तिचे शॉर्टकट खाल्ले, म्हणून तिने मशीनवरून मराठीच काढून टाकली. मग काम कसं करायची? मराठी वाक्यं फोनवर टाइप करायची, स्वतःलाच मेल करायची, लॅपटॉपवर उघडून कॉपी-पेस्ट. तीन रिलीज हे असंच चाललं आणि कोणाला पत्ता नव्हता, कारण काम वेळेवर येत होतं. चौथ्या वेळी फोनच्या कीबोर्डने ‘शुल्क’चं ‘शुक्ल’ केलं. तपासणारा मराठी वाचणारा नव्हता. हजारो लोकांना मेसेज गेला की तुमच्या खात्यातून सेवा शुक्ल कापण्यात आलं आहे. लोकांनी विचारलं, हे शुक्ल कोण? हसू येतं खरं, पण त्या मेसेजवर कोणाचे तरी पैसे कापले गेले होते, आणि का, ते त्याला कळलं नव्हतं.

वरून सल्ला आला, ‘मराठी मजकूर बाहेरून करून घेऊ.’ म्हणजे तिच्या हातातलं काम जाणार. एका कंट्रोल+स्पेसपायी!

आम्ही दोघी डबा खाऊन तिच्या डेस्कवर बसलो. लॉग चालू केला, कंट्रोल+स्पेस दाबलं, लॉग कोरा. म्हणजे चोर गेटवर, हे कळायला दहा सेकंद लागली. सिस्टिमच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलायचं बटण बदललं. मॅकवर हे ‘इनपुट सोर्सेस’मध्ये सापडतं, तिथली खूण काढून हे काम ग्लोब बटणाला देता येतं. विंडोजवर ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’मध्ये जाऊन ऑल्ट+शिफ्ट बंद करायचं आणि विंडोज+स्पेस वापरायचं. लिनक्सवर मराठी चालू असताना व्हीएस कोडचे शॉर्टकट गोंधळत असतील तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘कीबोर्ड डिस्पॅच’ हे ‘कीकोड’ करून एडिटर पुन्हा सुरू करायचा. विममध्ये ‘लँगमॅप’ नावाची सोय आहे, कुठलं देवनागरी अक्षर कुठल्या इंग्रजी बटणाच्या जागी समजायचं ते एकदा लिहून दिलं की ‘ग’ची बाधा उतरते. तिथे मेहनत आहे थोडी, पण एकदाच.

लोक नेमकं उलटं करतात, याचा मला राग येतो. शॉर्टकट आणि मराठी यांच्यात भांडण लागलं की आपण न विचारता मराठीला बाहेर काढतो. बदलायचं तर बटण बदला ना! इन्स्क्रिप्ट हा १९९१ पासून भारतीय मानकातला लेआउट आहे. तुमचा तो शॉर्टकट गेल्या महिन्यातला.

मैत्रिणीची बिलं आता सुटली आहेत, आणि टीममधल्या मुलीचं काम तिच्याकडेच राहिलं. दोघींनाही मी एक खोड लावलीय. व्हीएस कोडच्या शॉर्टकट फाइलमध्ये दोन तिरप्या रेघा देऊन शेरा लिहिता येतो, बाकीच्या एडिटरांमध्येही अशी काही ना काही सोय असते. प्रत्येक नियमावर एक शेरा: हे का केलं, कधी केलं. एका वेळी एकच बदल, आणि दोन दिवस वापरून मगच पुढचा. फाइलची कॉपी ऑफिसच्या मशीनबाहेरही ठेवायची, नोकरी बदलली तरी बोटं तीच असतात. परवा मैत्रिणीची फाइल बघितली. सगळ्यात वर लिहिलंय: ‘कंट्रोल+ऑल्ट+४ ला हात लावू नये. इथे रुपया राहतो.’